जुने पुस्तक अभिजात ठरते ते नेमके कशामुळे?

सायंतारा (मूळ प्रश्न)

‘काळाच्या कसोटीवर उतरलेले’ असे आपण अभिजात साहित्याविषयी इतक्या सहजपणे म्हणून जातो की ही कसोटी कोण घेते, कशी घेते आणि तिच्यात न उतरलेल्यांचे पुढे काय होते, हे विचारायचे राहूनच जाते. या वाक्प्रचारावरचा माझा विश्वास अलीकडे उडत चालला आहे, म्हणून येथील जाणकारांपुढे प्रश्न मांडत आहे.

निव्वळ वय हा निकष नव्हे, हे जुन्यांनीच सांगून ठेवले आहे. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रारंभी सूत्रधार ‘पुराणमित्येव न साधु सर्वम्’ असे बजावतो. जुने तेवढे सगळे चांगले नव्हे, नवे म्हणून काव्य निंद्य नव्हे, जाणते पारखून घेतात आणि मूढ दुसऱ्याच्या मतावर चालतात, असा त्या श्लोकाचा आशय आहे. गंमत अशी की भासासारख्या नामवंतांना बाजूला ठेवून एका नव्या कवीचे नाटक का करायचे, याचे समर्थन तो येथे करत आहे, आणि तो नवा कवी म्हणजे कालिदास! रोमन कवी होरेसने तर शंभर वर्षांच्या मुदतीची टरच उडवली आहे. शंभर वर्षांपूर्वी वारलेला कवी जर श्रेष्ठ, तर त्यात एक महिना कमी पडलेल्याला कोठे बसवायचे, असे विचारून त्याने घोड्याच्या शेपटीचा एकेक केस उपटत जावे तसे एकेक वर्ष वजा करत नेले. तरीही १७६५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनने शेक्सपिअरच्या नाटकांना लिहिलेल्या प्रस्तावनेत शतकभराची मुदत हीच गुणवत्तेची रूढ कसोटी असल्याचे म्हटले आणि शेक्सपिअर ती ओलांडून गेल्याचा निर्वाळा दिला.

माझी खरी अडचण त्याच्या पुढची आहे. मेसोपोटेमियातील गिलगमेशचे महाकाव्य मातीच्या पाट्यांवर कोरलेले होते. निनेवे येथील असुरबानिपाल या असिरियाच्या राजाच्या ग्रंथसंग्रहाचे अवशेष एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उकरले गेले आणि १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथने त्यातील जलप्रलयाची कथा जाहीर केली. तत्पूर्वी सुमारे दोन हजार वर्षे ते काव्य कोणी वाचलेलेच नव्हते. आज मात्र जगातील प्राचीन अभिजात ग्रंथांत त्याचे नाव अग्रभागी असते. मग मधल्या दोन हजार वर्षांत ते अभिजात होते की नव्हते? होते म्हणावे, तर पिढ्यान्‌पिढ्यांचे वाचन ही अट गळून पडते. नव्हते म्हणावे, तर अभिजातपणा ग्रंथात नसून उत्खनन करणाऱ्यांच्या कुदळीत आहे असे मानावे लागते.

तेव्हा विचारायचे ते हे, की टिकून राहण्यात नशिबाचा आणि सत्तेचा वाटा वजा केला तर ग्रंथाचे स्वतःचे म्हणून काही शिल्लक राहते का, आणि राहत असेल तर ते उदाहरणांसह दाखवता येईल का? ‘वैश्विक मूल्ये’, ‘मानवी मनाचा ठाव’ ही उत्तरे मी प्रस्तावनांमधून भरपूर वाचली आहेत. ती कृपया पुन्हा नकोत.

बखरकार

आपला संशय रास्त आहे आणि नशिबाचा वाटा आपण समजता त्याहून मोठा आहे, एवढेच प्रथम सांगतो. ‘बेओवुल्फ’ हे इंग्रजीतील आद्य महाकाव्य एकाच हस्तलिखितात उरले आहे आणि १७३१ च्या आगीत तेही कडेने होरपळले. रोमन कवी ल्युक्रेशियसचे विश्वरचनेवरील काव्य १४१७ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी या हस्तलिखितांच्या शोधकाच्या हाती एका मठात लागले नसते, तर पुढचा त्याचा इतिहास काय झाला असता हे सांगणे कठीण आहे. तमिळमध्ये उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी गावोगावच्या ताडपत्रांतून ‘जीवकचिंतामणी’ (१८८७), ‘शिलप्पदिकारम्’ (१८९२) आणि ‘पुरनानूरु’ (१८९४) छापून काढले, त्याआधी चांगल्या चांगल्या पंडितांच्याही अभ्यासात हे ग्रंथ राहिलेले नव्हते.

परंतु नशीब आणि निवड यांची तुलना करून पाहण्याची एक विलक्षण संधी खुद्द इतिहासानेच देऊन ठेवली आहे, आणि ती या चर्चेत फारशी कोणी वापरत नाही. ग्रीक नाटककार युरिपिडीसने सुमारे ९० नाटके लिहिली. ‘ऱ्हीसस’ त्याचे नव्हे असे मानले तर त्यांतील अठरा आज संपूर्ण उपलब्ध आहेत. सोफोक्लीसने त्याहून अधिक लिहूनही त्याची केवळ सात उरली, मग युरिपिडीसवरच ही कृपा का? उत्तर असे की या अठरांपैकी निम्मी नाटके शिक्षणासाठी निवडली गेली, त्यांच्यावर टीका लिहिल्या गेल्या, विद्यार्थ्यांनी ती घोकली आणि म्हणून त्यांच्या प्रती होत राहिल्या. उरलेली मात्र कोणी निवडलेली नाहीत. त्याच्या समग्र नाटकांची वर्णानुक्रमे लावलेली एक प्रत होती आणि तिचा एक सलग भाग योगायोगाने बचावला, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. ‘हेलन’, ‘इलेक्ट्रा’, ‘आयन’, दोन्ही ‘इफिजिनिया’ ही त्यांपैकीच, आणि त्यांची ग्रीक आद्याक्षरे एकमेकांलगत येतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. एका बाजूला शतकानुशतकांच्या जाणकारांनी पारखून ठेवलेली नाटके आहेत आणि दुसऱ्या बाजूला डोळे मिटून उचलावीत तशी आलेली नाटके आहेत, लेखक मात्र एकच. काळ खरोखर उत्तम तेवढे राखतो आणि हीण टाकून देतो हे खरे असते, तर या दोन गटांत जमीन-अस्मानाचे अंतर दिसायला हवे होते. ‘मीडिया’ किंवा ‘बाक्काय’च्या तोडीचे दुसऱ्या गटात फार नाही, हे मी मान्य करतो, पण ‘आयन’ किंवा ‘इफिजिनिया ऑलिसमध्ये’ ही नाटके नापास झालेल्यांची मुळीच वाटत नाहीत, आणि पहिल्या गटातले ‘ओरेस्टीस’ त्यांच्यापेक्षा फार वरचे आहे असे निदान मला तरी वाटत नाही. म्हणजे निवडणाऱ्यांना दृष्टी होती, पण जे गेले ते त्याच लायकीचे होते असे कोणी म्हणू नये. युरिपिडीसची जी सत्तर-एक नाटके नाहीशी झाली, त्यांत काय काय असेल या विचाराने मला तरी अस्वस्थ व्हायला होते.

समासटीप

बखरकारांचे युरिपिडीसचे उदाहरण मार्मिक आहे, पण त्यातून निघते ते एवढेच की *टिकणे* हा गुणवत्तेचा पुरेसा पुरावा नाही. मूळ प्रश्न त्याहून वेगळा आहे, आणि सायंतारा, आपण दिलेल्या गिलगमेशच्या उदाहरणातच त्याचे अर्धे उत्तर आहे.

निनेवेच्या ढिगाऱ्यातून केवळ ते एक काव्य निघाले नाही. शकुनांच्या याद्या, मंत्र, शब्दकोश, वैद्यकाचे पाठ, राजाची पत्रे अशा हजारो पाट्या आणि तुकडे त्याच्याबरोबर बाहेर आले. सर्वांचे वय जवळपास सारखे, सर्व सारखेच गाडलेले, सर्व एकाच काळात उजेडात आलेले. त्यांतील बहुतेक सर्व आज त्या भाषेचे अभ्यासक वाचतात आणि एकच काव्य असे आहे की ज्याची पुन्हा पुन्हा भाषांतरे होतात, ज्यावर नाटके आणि संगीतरचना होतात आणि ज्याला त्या संस्कृतीशी काडीचाही संबंध नसलेला वाचक हातात धरतो. नशीब येथे सर्वांना समान वाटले गेले होते. तरी पुढची गती समान झाली नाही. हा फरक ज्यामुळे पडला ते ग्रंथाचे स्वतःचे आहे, एवढे तरी मानावे लागेल. मधल्या दोन हजार वर्षांत ते अभिजात होते का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नव्हते, पण होण्याजोगे होते’ असे आहे, आणि हे होण्याजोगे असणे ही कुदळीची देणगी नव्हे.

ते काय असते, हे आपण उदाहरणांसह मागितले आहे. माझ्या वाचनात असे दिसते की अशा ग्रंथांच्या गाभ्यात एखादी अशी गाठ असते की जी ग्रंथाने स्वतः पूर्ण ताकदीने बांधलेली असते आणि स्वतः सोडवलेली नसते. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदी विचारते की स्वतःला आधीच हरलेल्या युधिष्ठिराला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता का. सभेत भीष्म आहेत, विदुर आहे, द्रोण आहेत. भीष्म म्हणतात की धर्माची गती सूक्ष्म आहे आणि या प्रश्नाचा निवाडा मला करता येत नाही. पुढे कथा सरकते, वर मिळतात, दुसरे द्यूत होते, युद्ध होते, परंतु त्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देत नाही. म्हणूनच प्रत्येक काळाला ते स्वतः द्यावेसे वाटते. दुर्गा भागवतांनी ‘व्यासपर्वा’त (१९६२) द्रौपदीकडे ज्या दृष्टीने पाहिले आणि इरावती कर्वे यांनी ‘युगान्ता’त (१९६७) तिच्या या प्रश्नाचीच जी कठोर तपासणी केली, त्या दोन्हींमध्ये केवळ पाच वर्षांचे अंतर आहे आणि दोन्ही लेखिका एकाच भाषेतल्या, पण निष्कर्ष निराळे. ग्रंथ दोघींनाही पुरून उरला.

‘इलियड’मध्येही हेच आहे. काव्य ग्रीकांचे, श्रोते ग्रीक, नायक ग्रीक. असे असताना शेवटच्या सर्गात शत्रूचा म्हातारा राजा प्रायम आपल्या मुलाचे प्रेत मागण्यासाठी ज्याने त्याला मारले त्याच अकिलीसच्या तंबूत येतो, त्याच्या हातांचे चुंबन घेतो आणि दोघे आपापल्या माणसांसाठी एकत्र रडतात. विजयाच्या काव्याला याची काहीच गरज नव्हती. ग्रंथ आपल्या काळाच्या घोषित हेतूपेक्षा जास्त पाहतो, हे जेथे जाणवते तेथे मी थांबून वाचतो.

गाठ सुटत नाही म्हणून त्रासलेल्या पिढ्या ती तोडून टाकतात, हाही इतिहास मनोरंजक आहे. नहूम टेटने १६८१ मध्ये ‘किंग लिअर’ नव्याने रचले: त्यात विदूषक नाही, कॉर्डेलिया मरत नाही, तिचे एडगरशी लग्न जुळते आणि लिअरला राज्य परत मिळते. इंग्रजी रंगभूमीवर जवळपास दीडशे वर्षे प्रामुख्याने हेच चालले. मॅक्रीडी या नटाने १८३८ मध्ये मूळ नाटकाचा ढाचा आणि विदूषक परत आणला. आपण ज्याच्या शतकी कसोटीचा उल्लेख केला त्या जॉन्सनलाही कॉर्डेलियाचा मृत्यू इतका असह्य झाला होता की संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत त्याने ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचले नाहीत, आणि टेटचा गोड शेवट त्याला पटतही होता. म्हणजे ज्या काळात शेक्सपिअरने कसोटी पार केली असे आपण म्हणतो, त्या काळात प्रेक्षक पाहत होते ते भलतेच लिअर!

निरुद्देश

सर्व चर्चा विद्वत्तेची चालली आहे म्हणून एक साधी गोष्ट नोंदवतो. आदराने मिटून ठेवलेल्या पुस्तकाला मी अभिजात म्हणायला तयार नाही. सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’चा (‘डॉन क्विक्झोट’) पहिला भाग १६०५ मध्ये आला तेव्हा लोकांनी तो पोट धरून हसत वाचला आणि त्याच्या लोकप्रियतेमुळे एका भलत्याच माणसाने टोपणनावाने खोटा दुसरा भाग काढला, सर्व्हांतेसने १६१५ च्या आपल्या खऱ्या दुसऱ्या भागात त्या तोतयाचाही समाचार घेतला. त्या विनोदाखाली शोकात्म काही आहे, हा शोध जर्मन स्वच्छंदतावाद्यांचा, म्हणजे जवळपास दोनशे वर्षांनंतरचा. हसवण्याची ताकद नसती तर एवढा काळ ते पुस्तक त्या शोधाची वाट पाहत थांबलेच नसते.

दुसरे असे की पहिले असणे आणि अभिजात असणे यांची गल्लत होते. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ला (१८५७) मराठीतील पहिल्या कादंबरीचा मान आहे आणि विधवांच्या स्थितीविषयीचा तो मोलाचा दस्तऐवज आहे, पण कादंबरी म्हणून ती आज आपणहून कोण उघडतो? वाङ्मयाच्या इतिहासात स्थान असणे वेगळे आणि वाचकाच्या उशाशी असणे वेगळे. समकालीनांच्या मतावरही विसंबू नये. १९०१ चे पहिले नोबेल सुली प्रुदॉम यांना मिळाले, आणि १९१० पर्यंत हयात असलेल्या टॉलस्टॉयना ते कधीच मिळाले नाही.

दुसरी आवृत्ती

समासटीप यांचे विवेचन वाचनीय आहे, तरी त्यातून एक गोष्ट निसटते आणि ती लहान नाही. गाठ ग्रंथात असेल; परंतु ती सोडवायला बसणारी माणसे प्रत्येक ग्रंथाच्या वाट्याला येत नाहीत.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इ. स. १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत तिच्या प्रतींमध्ये अनेक पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये (१५८४) प्रती जमवून ती शुद्ध केली आणि तिच्यात स्वतःची ओवी घुसडणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, अशी तंबीही देऊन ठेवली. एकनाथांच्या तोलाचा संपादक लाभणे ही सामान्य गोष्ट आहे का? शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्याच्याच नाटकमंडळीतील हेमिंग्ज आणि काँडेल या दोन नटांनी छत्तीस नाटके एकत्र छापली. ती छापली नसती तर त्यांतली अठरा, ज्यांत ‘मॅकबेथ’ आणि ‘द टेम्पेस्ट’ आहेत, बहुधा कायमची गेली असती. एमिली डिकिन्सनच्या सुमारे अठराशे कवितांपैकी तिच्या हयातीत जेमतेम दहा-बारा छापल्या गेल्या. १८८६ मध्ये ती वारल्यावर बहीण लॅव्हिनियाने त्या शोधून त्यांचा पाठपुरावा केला म्हणून १८९० मध्ये पहिला संग्रह निघाला. प्रत्येक वेळी मागे कोणीतरी आहे: संप्रदाय आहे, नाटकमंडळी आहे, घर आहे. ज्यांच्या मागे हे नव्हते, त्यांच्याविषयी ‘काळाने नाकारले’ असे म्हणणे हा मला अन्याय वाटतो.

घरचेच उदाहरण घ्या. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये छापले गेले. सुरतेतील एका विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून झालेली शिक्षा आणि त्यानिमित्ताने स्त्रियांच्या नीतिमत्तेवर वृत्तपत्रांतून उडालेले शिंतोडे, या संतापातून ते लिहिले गेले. जोतीराव फुले यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकामध्ये त्याची बाजू घेतली आणि त्यानंतर ते पुस्तक जवळजवळ पूर्ण विस्मृतीत गेले, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले. नव्वदहून अधिक वर्षे ज्याला वाचकच नव्हता त्या पुस्तकाने कोणती कसोटी कोणासमोर द्यायची होती? अमेरिकेत झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७ च्या कादंबरीचेही असेच झाले. ती बाजारातून नाहीशी झाली होती आणि ॲलिस वॉकर यांनी १९७५ मध्ये लेखिकेच्या विस्मृत थडग्याच्या शोधाविषयी लिहिल्यानंतर तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले. काळ म्हणून कोणी परीक्षक बसलेला नसतो. बसलेली असतात ती माणसे, आणि त्यांच्या अभिरुचीला जात, लिंग आणि पोटापाण्याची सोय असते.

सायंतारा

सर्वांचे आभार. निनेवेच्या पाट्यांचा युक्तिवाद मला पटला; समान नशिबानंतरही गती वेगळी झाली हे नाकारता येत नाही. मात्र समासटीप यांना दोन शंका विचारतो. न सुटलेली गाठ हे लक्षण मानले, तर कोणतेही संदिग्ध आणि धूसर लेखन अभिजात ठरण्याचा धोका नाही का? अर्थ न लागणे हा गुण ठरू लागला तर समीक्षकांची चंगळ होईल, वाचकांची नाही. दुसरी शंका भाषांतराविषयी. गिलगमेश आपण सर्वांनीच भाषांतरात वाचले आहे. तेव्हा भाषा गेली तरी जे उरते तेच अभिजात मानायचे का? मग काव्याचे काय?

समासटीप

पहिली शंका योग्य आहे, म्हणून नेमके सांगतो. धूसर लेखनात प्रश्नच धड उभा राहिलेला नसतो. सभापर्वात प्रश्न सुरीसारखा स्वच्छ आहे आणि दोन्ही बाजू जोरकसपणे मांडलेल्या आहेत: कौरवांपैकीच विकर्ण उठून सांगतो की द्रौपदी जिंकली गेली असे मी मानत नाही, आणि त्याची कारणे देतो, कर्ण त्याला मुद्द्याने उत्तर देतो, आणि ते उत्तर किळसवाणे असले तरी त्यामागचा तर्क सहज झटकून टाकता येत नाही. लेखकाला जे ठाऊक नाही ते झाकण्यासाठी पसरवलेले धुके आणि लेखकाने सर्व काही प्रकाशात ठेवूनही न होणारा निवाडा, यांतला फरक दुसऱ्या वाचनात कळतोच. धूसर पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना पातळ होते.

यातूनच आणखी एक गोष्ट दिसते. मोठे ग्रंथ हे पुष्कळदा आधीच्या मोठ्या ग्रंथांशी घातलेले वाद असतात. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासाने दुर्वासांचा शाप आणि अंगठी आणून त्याला दोषमुक्त केले, आणि त्यामुळे नाटकाला करुण गोडवा आला तसाच राजाला सूट दिल्याचा आक्षेपही कायमचा चिकटला. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त सीतेला भूमीच्या पोटात जाऊ न देता रामाशी पुन्हा भेटवले. टेटने लिअरचे जे केले ते वरवर पाहता यापेक्षा वेगळे नाही! फरक असा की भवभूतीचा राम नाटकभर स्वतःच्या निर्णयाखाली चिरडत असतो, त्यामुळे शेवट सुखाचा होऊनही प्रश्न मिटत नाही. टेटकडे शेवट गोड झाला की प्रश्नही संपतो. म्हणून एकाचे नाटक आजही वाचले जाते आणि दुसऱ्याचे केवळ इतिहासात सांगितले जाते. याच भवभूतीने आपल्या समकालीनांना उद्देशून म्हटले होते की माझ्यासारखा कोणीतरी पुढे जन्माला येईल, कारण काळ अमर्याद आहे आणि पृथ्वी विशाल आहे. त्या उद्‌गारात अभिमान आहे हे खरे, पण दुसरी आवृत्ती यांचा मुद्दाही त्यात आहे: त्याला काळाच्या निवाड्याचा भरवसा नव्हता, एका समानधर्म्या *माणसाची* अपेक्षा होती.

बखरकार

भाषांतराच्या शंकेवर थोडे. १७८९ मध्ये विल्यम जोन्सने ‘शाकुंतल’ इंग्रजीत आणले, त्या इंग्रजीवरून गेओर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये जर्मन भाषांतर केले आणि ते वाचून जर्मन कवी गटे भारावून गेला. म्हणजे कालिदासाचा एकही मूळ शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता. छंद नाही, अनुप्रास नाही, प्राकृत बोलणाऱ्या पात्रांचा वेगळेपणाही नाही. पोहोचली ती रचना. उलट पुश्किनचे ‘येवगेनी ओनेगिन’ रशियन वाचकांना जे वाटते ते बाहेरच्या वाचकाला भाषांतरातून क्वचितच जाणवते, कारण त्यातील बरेचसे मर्म पद्याच्या हलक्या चालीतच आहे. त्यामुळे भाषांतरात टिकणे हा एक प्रकारचा अभिजातपणा झाला, एकमेव नव्हे. हालाच्या ‘गाथासप्तशती’कडे पाहा. महाराष्ट्री प्राकृत ही बोलण्यातून गेलेली भाषा होती, तरी नवव्या शतकात काश्मिरात बसलेल्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराला न बोललेला अर्थ शब्दांतून कसा सुचतो हे दाखवायचे झाले तेव्हा त्याने याच गाथांमधून उदाहरणे उचलली. तेथे भाषेचा वापर इतका नेमका होता की त्यावर एक सिद्धान्त उभा राहिला.

निरुद्देश

दुसरी आवृत्ती यांना एकच विचारतो. ताराबाईंचे पुस्तक विस्मृतीत जाणे हा अन्याय झाला, हे पूर्ण मान्य. पण अन्याय झाला म्हणून ते अभिजात होते असे ठरत नाही. ते *साहित्य* म्हणून उभे राहते का, की तेही माझ्या ‘यमुनापर्यटन’च्या रांगेतले?

दुसरी आवृत्ती

उभे राहते, आणि सहानुभूतीच्या कुबड्या न घेता उभे राहते. त्या पुस्तकाची रचनाच पाहा: स्त्रियांवर परंपरेने लादलेले दोष ताराबाई हाती घेतात आणि तोच दोष पुरुषांत अधिक ठळकपणे कसा दिसतो हे दाखवून आरोप जेथून आला तेथे परत पाठवतात. दोषांची जी यादी स्त्रीनिंदेसाठी वापरली जात होती, तीच त्या प्रतिवादाचा सांगाडा म्हणून वापरतात. गद्य बोलण्याच्या लयीचे आहे, उपहासाने भरलेले आहे, मध्येच थेट पुरुष वाचकाला गाठून त्याला जाब विचारणारे आहे. ‘यमुनापर्यटन’मध्ये प्रचारक आपल्याला समजावत असतो, येथे कोणी आपल्याला समजावत नाही, धारेवर धरते. समासटीप यांच्या कसोटीवर मात्र ते कसे उतरेल याविषयी मी साशंक आहे, कारण त्यात न सुटलेली गाठ नाही. लेखिकेला उत्तर ठाऊक आहे आणि ती ते ठणकावून सांगते. तसे पाहिले तर ती कसोटी महाकाव्यांना आणि नाटकांना सोयीची आहे, आणि संतापाने लिहिलेल्या गद्याला ती लावली तर तुकारामांचे कितीतरी सडेतोड अभंगही बाहेर राहतील.

समासटीप

तुकारामांचे अभंग बाहेर ठेवणारी कसोटी मला नको आहे, तेव्हा तिला मर्यादा घालतो: कथात्म आणि नाट्यात्म ग्रंथांपुरतीच ती खरी मानावी. ‘स्त्रीपुरुषतुलने’पुरते बोलायचे तर त्यातही एक ताण मला दिसतो. पतिव्रतेच्या कल्पनेवर ताराबाई प्रहार करतात, आणि तरीही स्त्रीच्या निष्ठेचे कौतुक त्यांच्याच लेखणीतून अधूनमधून येत राहते. ज्या मूल्यांच्या आधारे स्त्रीला बांधले गेले, त्याच मूल्यांवर पुरुषांना तोलून त्या त्यांना उणे ठरवतात. ही मूल्ये त्यांना मोडायची आहेत की पुरुषांवरही बंधनकारक करायची आहेत, याचे एकसुरी उत्तर ते पुस्तक देत नाही. रोझलिंड ओ’हॅन्लन यांनी १९९४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केल्यानंतर इतर भाषांतील अभ्यासकही त्यावर लिहू लागले आहेत. मराठीत मात्र त्यातील पौराणिक दाखले आणि तत्कालीन वृत्तपत्री वाद ओळीओळीला उलगडून दाखवणारी टीका हाताशी असेल, तर निरुद्देश यांच्यासारखा चोखंदळ वाचक ते दस्तऐवज म्हणून नव्हे, गद्य म्हणून वाचू शकेल. कालिदासाला मल्लिनाथासारखा टीकाकार मिळाला तो नंतर कित्येक शतकांनी. ताराबाईंच्या पुस्तकाला अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत.